बेशरम तोडली की दुप्पट का फुटते: तलाव, चारी आणि बांधावरचा इलाज

उन्हाळ्यात मजूर लावून तलावाचा काठ साफ केला, ट्रॉल्या भरभरून फांद्या काढल्या, आणि ऑगस्टमध्ये पाहावं तर तिथेच कमरेएवढी बेशरमची झुडपं गुलाबी फुलं मिरवत उभी. पुढच्या वर्षी पुन्हा मजूर, पुन्हा तेच. भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव असोत की मराठवाड्यातले पाझर तलाव, तक्रार सारखीच असते. आणि बहुतेक ठिकाणी कारणही तेच निघतं: तोडणारेच तिची लागवड करून जातात.

हे पटायला जरा रताळ्याकडे बघा. बेशरम आणि रताळं दोघंही आयपोमिया या एकाच वंशातले. रताळ्याचं बी कोणी पेरत नाही. वेलाचे वीत-दीड वीत लांबीचे तुकडे करतात, तीन-चार डोळ्यांचं बेणं सरीत आडवं दाबतात, पाणी देतात. डोळ्यापाशी मुळ्या फुटतात आणि वेल चालू लागतो. बेशरमच्या दांडीचंही तसंच आहे. ओल्या मातीवर पडलेल्या तुकड्याला आठ-दहा दिवसांत मुळ्या सुटतात. शिवाय तिची दांडी पोकळ, त्यामुळे पाण्यावर तरंगते. विळ्याने हात-हातभर तुकडे करून काठावर टाकले तर दोन मीटरच्या एका दांडीची चार-पाच रोपं तयार होतात, आणि पाणी ती फुकटात पसरवतं.

मूळची ही दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातली. ब्राझीलच्या पांतानाल पाणथळीत ती आजही आपल्या घरच्यासारखी वाढते. आपल्याकडे शोभेसाठी आणि कुंपणासाठी आणली गेली. ‘काहीही करा, वाढतेच’ म्हणून लावली, आणि त्याच गुणाने तिला हे नाव पडलं.

झाड तेच आहे ना?

पान हृदयाच्या आकाराचं, टोकाला निमुळतं, वीतभर लांब. दांडी तोडली की पांढरा चीक येतो. फूल कर्ण्यासारखं, फिकट गुलाबी ते जांभळट, घशात गडद. बोंडात सहसा चार काळपट बिया, आणि त्यांच्यावर तपकिरी रेशमी केस. काही भागांत गारवेल म्हणतात, पण त्या नावाने दुसऱ्या वेलीही ओळखल्या जातात, म्हणून नावावर जाऊ नका.

दोन भावंडं मात्र चुकून उपटू नका. नाळीची भाजीही याच वंशातली, तिचाही दांडा पोकळ. पण ती पाण्यावर किंवा चिखलावर सरपटते, झुडूप करून उभी राहत नाही, आणि पान बाणाच्या टोकासारखं अरुंद असतं. ती खातात. बेशरमचे कोवळे शेंडे नाळीची भाजी समजून खुडले जाऊ नयेत, म्हणून दोन्ही एकाच तलावात असतील तर भाजी काढणाऱ्या बायकांना आधी दाखवून ठेवा. दुसरी मर्यादवेल, कोकणच्या पुळणीवरची, आपट्यासारख्या दोन पाळ्यांच्या पानाची. ती वाळू धरून ठेवते; तिला हात लावायचं कारणच नाही.

आधी दहा-बारा कोंब उपटून बुडाकडे बघा

इलाज ठरवायच्या आधी हे कराच. पावसाळ्यात, माती ओली असताना, वेगवेगळ्या जागचे दहा-बारा नवे कोंब खुरप्याने बुडापासून उकरून काढा, पाण्यात धुवा आणि रांगेत मांडा. फूट कुठून येते आहे ते बुडाशीच लिहिलेलं असतं.

बुडाशी मनगटाएवढा लाकडी गड्डा आणि त्यातून चार-सहा कोंब एकदम वर आलेले असतील, तर जुना खुंट जमिनीत राहिला आहे. तोडणी झाली, पण वरवरची.

बुडाशी आडवी किंवा तिरकी पडलेली काडी, तिच्या डोळ्यापाशी मुळ्यांचा झुबका आणि तिथूनच कोंब, असं दिसलं तर ते तुकड्यातून आलेलं रोप. काडीचं टोक नीट पाहा: तिरका साफ काप असेल तर तो तुमच्याच कोयत्याचा. चिंधडलेलं, चेचलेलं टोक म्हणजे रोटाव्हेटर किंवा जेसीबी. काप जुना, काळा पडलेला आणि दांडीला शेवाळ चिकटलेलं असेल, तर ती काडी वरून वाहत आली आहे.

आणि सरळ खाली गेलेलं एकच बारीक सोटमूळ असेल, बुडाशी दोन फाट्यांत चिरलेली बीजपत्रं अजून टिकून असतील, तर ते बियाण्यातून उगवलेलं आहे. असं रोप चिमटीने निघतं, त्याची भीती नाही.

बहुतेक तलावांत रांगेतला मोठा वाटा आडव्या काडीचा निघतो. तो तसा निघाला तर जास्त मजूर लावून उपयोग नाही. तोडण्याची आणि टाकण्याची पद्धत बदलावी लागेल.

कामाची वेळ

एप्रिलचा मध्य ते मेअखेर. तलावाचं पाणी आत सरकलेलं असतं, काठाची माती भेगाळलेली असते, आणि उपटलेली दांडी वाळायला ऊन मिळतं. जूनच्या पहिल्या पावसाच्या आत दांड्या पूर्ण वाळल्या पाहिजेत, म्हणून उपटणं 10 मेपर्यंत संपेल असा हिशेब धरा. ‘पावसाळ्याच्या तोंडावर’ काढलेली बेशरम म्हणजे वेळेवर केलेली लागवड. श्रमदानं नेमकी त्याच सुमारास होतात, हे दुर्दैव.

माती फार कडक असेल तर खुंट तुटतो, निघत नाही. अशा वेळी पाणी नुकतंच हटलेल्या, चिखल सुकून पाय न रुतणाऱ्या पट्ट्यापासून सुरुवात करा आणि रोज पाण्यामागे सरकत जा.

काढायची रीत

हत्यारं साधीच: पहार, टिकाव, कुदळ, कोयता, सुतळी, आणि चिकापासून हात वाचवायला रबरी हातमोजे. चीक डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो. लगेच भरपूर पाण्याने धुवा.

आधी वरच्या दांड्या कापा, पण बारीक तुकडे करू नका. बुडापासून एक हात सोडून अख्खी दांडी काढा आणि लांबच्या लांब मोळ्या बांधा. जितके कमी काप, तितक्या कमी काड्या गळून पडतात. जो हातभर बुंधा ठेवला आहे तो पकडायला आणि पहारीने उचकटायला कामी येतो. जमिनीलगत छाटून मग खुंट शोधत बसणं हा दुप्पट त्रास.

मग बेटाभोवती वीतभर अंतर सोडून टिकावाने गोल खणा. नव्या बेटाला फूटभर खोली पुरते, जुन्या रुंद बेटाला दीड फूट लागू शकते. गड्डा हलला की पहार खाली घालून उचला. वरचा जाड भाग, जिथून कोंब फुटतात, तो अख्खा हातात आला पाहिजे.

शेवटचं काम लोक सोडून देतात, आणि तिथेच सगळं फसतं: वेचणी. बेट निघाल्यावर त्या जागी दोन माणसं घमेलं घेऊन बसवा आणि बोटाएवढी काडीसुद्धा उचलायला लावा. दहा माणसांची टोळी असेल तर दोघं फक्त वेचणीलाच. चिखलात अर्ध्या बुडालेल्या, गेल्या वर्षीच्या आडव्या दांड्याही ओढून काढा. वरून मेल्यासारख्या दिसतात, पण नखाने साल खरवडली की आत हिरवी निघते.

रोटाव्हेटर बेशरमवर कधीही चालवू नका. तो तिचं बेणं करून, पसरून, वर माती ओढून देतो. रताळ्याच्या शेतकऱ्यालाही इतकी नेटकी लागवड जमत नाही. जेसीबी चालेल, पण बकेटने मुळासकट उचलायला, घासून ढकलायला नाही. काम संपल्यावर बकेटचे दात आणि ट्रॉलीचा तळ झाडून काढा, नाहीतर पुढच्या गावच्या तलावाला भेट जाते.

काढलेल्याचं काय करायचं

ढीग पाळीवर, नाल्यात किंवा तलावाच्या पोटात घालायचा नाही. वर पाणी चढणार नाही अशी मुरमाची किंवा खडकाची जागा पाहा. तिथे मोळ्या सोडून दांड्या एकेरी थरात पसरा. एकावर एक रचलेल्या ढिगात आतली ओल टिकते आणि तळच्या दांड्या महिनाभर जिवंत राहतात. आठवड्याने एकदा उलटा. मेच्या उन्हात साधारण तीन आठवडे लागतात, गड्ड्यांना जास्त.

वाळली का, हे रंगावरून ठरवू नका. सर्वांत जाड दांडी घेऊन गुडघ्यावर मोडा. कट्ट आवाज करून तुटली आणि कापावर ओलसरपणा नसला, तर मेली. वाकली, किंवा चिकाचा पांढरा थेंब दिसला, तर आणखी आठ दिवस. गड्ड्यावर कोयत्याचा एक घाव घालून तीच परीक्षा घ्या.

पूर्ण वाळलेलं जाळता येतं. हिरवं पेटवून देणं मात्र वाया: पानं करपतात, दांड्या भाजल्यासारख्या दिसतात आणि खुंटातून पंधरवड्यात नवे कोंब येतात. कंपोस्टमध्ये पानं घातली तर हरकत नाही. दांड्या पूर्ण मेल्याशिवाय नको. कूड करायला हिरव्या दांड्या रोवल्या तर वर्षात जिवंत कुंपण उभं राहतं, त्यातली फांदी पुरात तुटते आणि नाल्याने तलावात परत येते. कुडाला पऱ्हाट्या किंवा तुराट्या वापरा.

पाळीवरची बेशरम: इथे घाई नको

मातीच्या पाळीवर जुनी बेटं असतील तर वरची रीत जशीच्या तशी लावू नका. दीड फुटाचा खड्डा पाळीच्या उतारावर पडला आणि तसाच राहिला, तर पावसाळ्यात तिथून पाणी वाट काढू शकतं. तलाव भरलेला असताना पाळीवर खणूच नये. कोरड्या दिवसांत, एका वर्षी पाळीचा एक तुकडा, असं काढा. प्रत्येक खड्डा त्याच दिवशी मुरूम-माती घालून, वीत-वीतभर थर ओला करून धुमसाने ठोकून भरा. उघड्या जागेवर लगेच हरळीचे ठोंब किंवा वाळा लावा, कारण बेशरमच्या मुळ्या वाईट असल्या तरी माती धरून होत्या.

खणणं शक्यच नसेल तर उपाशी मारायची पद्धत आहे. जमिनीलगत छाटायचं आणि कोंब वीतभर झाले की पुन्हा छाटायचं, पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी. पानं अन्न बनवून गड्ड्यात परत पाठवू लागण्याच्या आत कोंब गेला पाहिजे. एखादी फेरी चुकली की गड्डा पुन्हा भरतो. चिवट काम आहे, दोन हंगाम धरावेच लागतात.

वरून येणारी

कालव्याच्या चारीवर किंवा साखळीने जोडलेल्या तलावांत खालून सफाई सुरू करणं म्हणजे पैसे पाण्यात. काम वरून खाली यायला हवं. दोन आवर्तनांच्या मधल्या कोरड्या दिवसांत चारीच्या मुखापासून सुरू करा. वरचा तलाव दुसऱ्या ग्रामपंचायतीचा असेल आणि तिथे हालचाल नसेल, तर निदान पाणी आत येतं तिथे दोन बांबू आडवे बांधून खाली जुनं मासेमारीचं जाळं सोडा. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी आणि पुढे दर आठवड्याला अडकलेल्या काड्या उचला. साचू दिलं तर जाळ्यावरच बेट तयार होतं, आणि पुरात ते बांबूसकट निघून जातं. बांबू सांडव्यावर मात्र आडवे घालू नका. पाण्याची वाट तुंबवणं पाळीला धोक्याचं.

गाळाचीही एक वाट आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ मध्ये तलावातला गाळ शेतात जातो, आणि त्यात आडव्या काड्या असतील तर बेशरमही जाते. आधी झाडं आणि वेचणी, मग गाळ, हा क्रम धरा. शेतात गाळ पसरल्यावर पावसाच्या आत एकदा चालून काड्या वेचा. रताळ्याचं रान जवळ असेल तर तिथे दुप्पट लक्ष: रताळ्याचा सोंड्या भुंगा याच वंशातल्या रानटी वेलींवर तग धरून राहतो आणि पीक आलं की तिकडे वळतो.

जागा रिकामी ठेवली तर

साफ केलेला काठ उघडा राहिला की वाहून आलेल्या पहिल्या काडीला मोकळं रान मिळतं. विदर्भाच्या मामा तलावांत ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी बेशरम काढल्यावर तलावाचं पोट नांगरून पावसाळ्यात स्थानिक पाणवनस्पती लावल्या, हे याच कारणाने शहाणपणाचं. उथळ पाण्यात देवधान, कुमुद, जरा खोलात हायड्रिलासारख्या बुडालेल्या वनस्पती. यांच्यात मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात. बेशरमच्या दांड्यांत जाळी फाटण्यापलीकडे मच्छीमाराला काही मिळत नाही. रोपं शेजारच्या चांगल्या तलावातूनच आणा, आणि आणताना मुळांत जलपर्णीचं पिल्लू आलं नाही ना, ते पाहा. नांगर मात्र वेचणी झाल्यानंतरच; नाहीतर त्याचा रोटाव्हेटर होतो.

तणनाशकाचा मोह

पाण्यात आणि काठावर नको, इतकं सरळ उत्तर. मासे, गुरांचं पिणं, खालची शेतं, सगळं त्याच पाण्यावर. कोरड्या पडीक जागेवरही दोन गोष्टी ध्यानात ठेवा. 2,4-डी रुंद पानाच्या तणावर चालतं, पण त्याचे तुषार वाऱ्याने कपाशीवर, द्राक्षावर किंवा टोमॅटोवर गेले तर पानं आखडून पंजासारखी होतात; जवळ यातलं काहीही असेल तर विषय सोडा. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून मर्यादा घातल्या. सध्याचा नियम तालुका कृषी कार्यालयात विचारल्याशिवाय डबा उघडू नका. औषध फुकट जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पुरुषभर उंच, निबर झाडावर केलेली फवारणी: पानं गळतात, लोक खूश होतात आणि महिन्याने बुडातून फूट येते.

शेळ्यांना चारून संपवू?

नाही. हा सल्ला गावात हमखास मिळतो, आणि तो जनावराच्या जिवावर बेततो. बेशरममध्ये स्वेन्सोनीन नावाचं विषारी द्रव्य असतं, जे खरं तर झाडाच्या आत राहणारी एक बुरशी तयार करते. ते पेशींतली साखरेचे धागे तोडणारी यंत्रणा बंद पाडतं. न तुटलेला माल पेशीत साचत जातो आणि मेंदूच्या पेशी फुगतात. बाधा सर्वांत जास्त शेळ्यांना होते. ब्राझीलच्या मराजो बेटावरचे शेळीपालकही याच झाडाने पोळले आहेत.

सुरुवातीला शेळी तोंड लावत नाही. मार्च-एप्रिलमध्ये दुसरं हिरवं उरत नाही तेव्हा ती चव घेते, आणि मग चटक लागते: चारा समोर असला तरी ती बेशरमकडे पळते. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, म्हणून संबंध लक्षात येत नाही. अंगावरचे केस राठ, वजन उतरलेलं, मान थरथरते, पाय गरजेपेक्षा उंच उचलून टाकते, दचकवली की धडपडते. उतारा औषध नाही. लवकर तोडलं तर शेळी सावरते. महिनोन्‌महिने खाल्लेलं असेल तर चालण्यातला दोष राहतो. पहिली शंका येताच कळप तिथून हलवा, चारा बांधून घाला आणि पशुवैद्यकाला ‘बेशरम खाल्ली’ हे स्पष्ट सांगा. विष दुधातूनही उतरतं, तेव्हा अशा शेळीचं दूध करडांनाही पाजू नका. वाळल्यावरही ते जात नाही, म्हणून सुकायला पसरलेल्या दांड्यांपासूनही कळप लांब ठेवा.

फेऱ्या

पहिल्या वर्षी पाऊस सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक फेरी, ऑगस्टअखेर दुसरी, आणि पाणी उतरू लागलं की जानेवारीत तिसरी. पहिल्या फेरीत कोंब हाताने निघतो. ऑगस्टमध्ये खुरपं लागतं. जानेवारीपर्यंत थांबलात तर टिकाव. उपटलेलं तिथेच फेकायचं नाही, पोत्यात भरून न्यायचं. बोंडं धरलेली फांदी दिसली तर आधी ती, कारण बियांचं कवच टणक असतं आणि त्या लगेच उगवत नाहीत. त्याचसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही ऑगस्टची फेरी सोडू नका. तिसऱ्या पावसाळ्यानंतरही नवी बेटं दिसत असतील तर पुन्हा दहा-बारा कोंब उपटून धुवा आणि रांगेत मांडा. काड्या आडव्या आणि काप काळे निघाले, तर कुदळ खाली ठेवा आणि नाल्याच्या काठाने वरच्या तलावापर्यंत चालत जा.